चपलांपाशी

बक्कलाची जीभ पट्ट्याच्या भोकातून निघत नव्हती. रंग उडालेली, टोकाशी जराशी वाकलेली ती तार नखानं मागे ढकलली की हलायची, आता सुटलीच असं वाटेपर्यंत यायची आणि पुन्हा आपल्या भोकात जाऊन बसायची, एखाद्या हट्टी म्हातारीसारखी. एका पायावर उभं राहून, दुसरा पाय गुडघ्यावर टेकवून, खांद्यावरची पर्स सारखी पुढे घसरत असताना हे करायचं, आणि वर मावशीचा आवाज — "बसून काढ ना गं. एवढी शिकलीस, बसायला काय होतं?"

शिकण्याचा आणि बसण्याचा काय संबंध? पण आई गेल्यापासून मावशीची सगळी वाक्यं अशीच सुरू होत होती. एवढी शिकलीस, रडत का नाहीस. एवढी शिकलीस, चार माणसांत बोलायला काय होतं. ती बसली नाही. बक्कल तसंच ठेवून तिनं पाय जोरात ओढून काढला, पट्टा टाचेला खरवडून गेला, आणि सँडल तिनं कट्ट्याशी जवळजवळ भिरकावलीच.

कट्टा तोच होता. देवळाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे डाव्या हाताला, झाडाच्या सावलीत, मधोमध जरासा झिजलेला दगडी कट्टा. शेजारी एक नळ. वर देऊळ, खाली नदी. लहानपणापासून दरवर्षी, बाबांच्या सुट्टीत, गाडी लावून सगळे इथे यायचे, आणि मुकाट्यानं, कुणी न सांगता, चपला इथेच काढायचे. आजही बाबा कट्ट्याच्या कडेला टेकून बुटांच्या नाड्या सोडत होते — एक नाडी सोडायची, मग थांबून नदीकडे बघायचं, मग दुसरी. दादा फोनवर होता. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून त्यानं एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाचा बूट टाचेकडून दाबून काढला. ते तो आठवीत असल्यापासून असंच काढतो आणि त्यासाठी त्यानं आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. "टाचा मोडतात त्यानं," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. तिलाच म्हणावंसं वाटलं आणि तेवढ्यानंच तिला स्वतःचा संताप आला.

मावशीच्या हातात पिशवी होती. पिशवीत आईची जांभळी साडी, देवीला नेसवायची म्हणून. "तिची फार इच्छा होती," मावशी गाडीत म्हणाली होती, आणि बाबा खिडकीबाहेर बघत "हो, हो" म्हणाले होते, आणि दादानं आरशातून हिच्याकडे पाहिलं होतं — गप्प बस, पंतोजी, असं. पंतोजी हे नाव आईनं ठेवलेलं. ही पुस्तकांचं संपादन करते, दुसऱ्यांच्या लिखाणातली जास्तीची विशेषणं काढून टाकते, त्याचेच पैसे मिळतात; पण त्याच्या कितीतरी आधी, फ्रॉक घालायच्या वयात, ती जेवताना बाबांच्या गोष्टी मध्येच थांबवायची. नाही बाबा, मागच्या वेळी कुत्रा काळा होता. तेव्हा आई हसून म्हणाली होती, आले आमचे पंतोजी.

आणि आता आईवरच विशेषणं चढत होती. जो येईल तो एक चढवून जात होता. सोशिक. सात्त्विक. श्रद्धाळू... श्रद्धाळू! आई मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. दिवसभर उभी. निर्जंतुक न केलेल्या कशावरही तिचा विश्वास नव्हता, आणि त्यात देवही आले. मावशी दरवर्षी नदीचं पाणी बाटलीत भरून घरी द्यायची आणि आई ते शांतपणे कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. "झाडाला चालतं," म्हणायची. दोघा भावंडांना ताकीद होती की त्या पाण्यात बोटसुद्धा बुडवायचं नाही. तीर्थ म्हणून कुणी हातावर दिलंच, तर ओठांपर्यंत न्यायचं आणि आईच्या पदराला पुसायचं, कुणाला न दुखवता. एकदा दादानं गंमत म्हणून चूळ भरली, तर आईनं त्याला गाडीत घालून तडक औषधाच्या दुकानात नेलं होतं. आणि देवळात... देवळात ती कधी गेलीच नाही. एकदाही नाही. "तुम्ही जाऊन या. मी चपला सांभाळते." हे वाक्य ती इतक्या सहज म्हणायची की त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. शेजारीच चपला ठेवायचा स्टँड होता, फुकट, टोकन देणारा. "तिथे जोड्या बदलतात," आई म्हणायची आणि कट्ट्यावर बसायची, पाय जमिनीला टेकवून, पर्स मांडीवर, ड्यूटीवर बसल्यासारखी.

देवीचं तोंडही न पाहिलेल्या बाईची साडी देवीला. आणि तीही जांभळी. ती मावशीनंच कधीतरी दिलेली. तिचे काठ टोचायचे म्हणून आईनं एकदा नेसून कपाटात तळाशी टाकली होती. "टोचते मेली," म्हणाली होती. आता ती टोचरी साडी देवीनं नेसायची, आईची इच्छा म्हणून. सांगायचं तरी कुणाला? सांगितलं तर मावशी रडणार, बाबा पाणी मागणार, दादा म्हणणार, तुला काय मिळतं गं हे करून?

काय मिळतं... आई जशी होती तशी राहते. निदान एका माणसाजवळ तरी. एवढंच हवं होतं तिला, आणि तेही कुणी देत नव्हतं.

"चला," मावशी म्हणाली.

ते चढू लागले. पुढे मावशी, पिशवी छातीशी धरून, मागे बाबा, कठड्याला हात लावून, दादा "मी पाच मिनिटांत करतो फोन" असं कुणाला तरी परत परत सांगत, शेवटी ही. दगड तापलेले होते. खरवडलेली टाच टेकली की चुरचुरायची, म्हणून ती चवड्यांवर चालत होती, आणि आपण चोरासारखं चालतो आहोत असं तिला वाटत होतं. बाबा मध्येच थांबले. दम लागला असेल म्हणून सगळे थांबले. बाबांनी मागे वळून खाली पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मोजल्यासारखं.

"चपलांजवळ कोण आहे?"

दादानं फोन कानावरून काढला. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत राहिलं. इतकी वर्षं चपला तिथे काढायच्या आणि वर चालू लागायचं. तिथे कुणी नाही हे शिकलेल्यांपैकी, कमावत्यांपैकी, रडणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी, जी आईला जशीच्या तशी ठेवणार होते, ती मीसुद्धा सँडल कट्ट्यापाशी टाकून, आई बसलीच आहे अशा थाटात निघून आले.

मग दादा हसला, म्हणजे हसल्यासारखा आवाज झाला, आणि तो तोंड फिरवून खाली घाटाकडे बघत राहिला.

"मी जाते," ती म्हणाली.

"तू कशी जाशील?" मावशी म्हणाली. "साडी लेकीच्या हातची द्यायची. मी पुजाऱ्यांना सांगून ठेवलंय. दादाला पाठव ना."

"मावशी, तूच दे."

"अगं, लेक असताना मी? लोक काय म्हणतील?"

"इथे कोण ओळखतं आपल्याला?"

"देवी ओळखते!"

तरी ती बोललीच, आवाज न चढवता, प्रूफाच्या कडेला पेन्सिलीनं शंका लिहावी तसं. "आई कधी वर आली होती का गं?"

मावशीचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग तिनं पिशवी छातीशी आणखी घट्ट धरली. "मनानं यायची," ती म्हणाली. "तुला नाही कळायचं. माझी बहीण होती ती, तुझी आई व्हायच्या आधीपासून."

"जाऊ दे तिला," बाबा म्हणाले. "चपलांपाशी कुणीतरी पाहिजे." ते इतक्या आर्जवानं म्हणाले, जणू त्या चपला गेल्या तर आता सहन होणार नाही. म्हणून ती निघाली. उतरताना तिला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याचाही राग येत होता.

चपला जागेवर होत्या. पण कशा होत्या! वरून येताना त्या तिला आधी दिसल्या आणि ती पायरीवरच थबकली. बाबांचे बूट, मावशीच्या चपला, दादाचे मोडक्या टाचांचे बूट, तिची उपडी पडलेली सँडल, सगळ्यांची तोंडं कट्ट्याकडे. कट्ट्याच्या मधल्या झिजलेल्या जागेभोवती गोल करून, आत बघत. माणसं निघून गेली होती आणि चपला तेवढ्या कुणाच्या तरी पुढ्यात उभ्या होत्या.

ती कट्ट्यावर बसली, पण झिजलेल्या जागी नाही, जरा सरकून. मग वाकून तिनं एकेक जोड फिरवला. आई तसं करायची. सगळे परतायच्या आत जोड सारखे करून, तोंडं बाहेरच्या दिशेनं, म्हणजे आलेल्या माणसानं सरळ पाय घालावा आणि चालू लागावं. बाबांचे मोजे घडी करून बुटात. थिएटरच्या दाराशीही ती हेच करत असणार; डॉक्टरांच्या चपला, सफेद, निळ्या, ओळीनं. मावशी याला सेवा म्हणेल. सेवा कसली, शिस्त! अव्यवस्था बघवत नसे तिला, बास. प्रत्येक गोष्टीला हात जोडायलाच पाहिजेत का माणसांनी...

"ताई, इकडे ठेवा की. फुकट आहे."

स्टँडवाला. लाकडी घडवंचीमागे बसलेला, कानात कापूस घातलेला, मिशीला कलप लावलेला. ती म्हणाली, "नको. मी बसलेय इथेच."

"तुम्ही पण तशाच का?" तो हसला. "त्या चष्म्याच्या बाई यायच्या ना, याच कट्ट्यावर, त्या तुमच्याच की. मघाशी सायेब दिसले तेव्हाच ओळखलं. त्या पण अश्याच. म्हणायच्या, तुमच्याकडे जोड्या बदलतात. अहो, आपोआप बदलतात का? लोक बदलून नेतात. देवाला जाताना एक चप्पल, येताना चांगली चप्पल. त्याला मी काय करू?"

तिला हसू आलं. फार दिवसांनी आलं, त्यामुळे ते कुठून आलं हे कळायला जरा वेळ लागला. हे आईला सांगायला पाहिजे, असं मनात येऊन गेलं. आलं आणि गेलं.

"आई होती माझी," ती म्हणाली.

"बघा, म्हणजे बरोबर ओळखलं," तो म्हणाला. त्या 'होती'कडे त्याचं लक्ष नव्हतं. "आणि मजा म्हणजे, माझ्याकडे ठेवायच्या नाहीत, पण खाली निघाल्या की मलाच सांगणार — जरा बघा हो माझ्या माणसांच्या चपला. तेव्हा बरा विश्वास!"

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली. नदीवर."

"नाही, माझी आई नसेल."

"आता घ्या! चष्मा, हातात पर्स, कानाशी पांढरा केस? तुमची मंडळी त्या वरच्या वळणाला दिसेनाशी झाली की बाई निघाल्या. दरसाल. तिकडे, घाट तुटलाय ना, त्या बाजूला. गर्दीत नाही जायच्या. तुम्ही यायच्या आत परत हजर. पाय ओले, साडी ओली खालून."

"काय करायच्या तिथे?"

"ते मी कसं विचारणार? मी चपला बघू का माणसं बघू?" आणि तो आलेल्या गिऱ्हाइकाला टोकन द्यायला वळला.

ती नळाकडे पाहत राहिली. गाडीत परतताना ती नेहमी आईला चिकटून बसायची, आणि तिच्या पोटरीला आईच्या साडीचा ओला, गार काठ लागायचा. "ई, आई, ओली आहेस." "नळावर पाय धुतले गं. धूळ फार." दरवर्षी तेच. आणि नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली होती. चिंधी जुनी होती, वाळून कडक झालेली. या नळाला पाणी होतं असं तिनं कधी पाहिलं होतं का? नव्हतं. प्यायला पाणी हवं असलं की दादा स्टँडवाल्याचा माठ गाठायचा. साधी गोष्ट. कुत्र्याचा रंग लक्षात ठेवणाऱ्या पंतोजींना ती कधी दिसली नव्हती.

राग आला, म्हणजे खरा राग, मावशीवर यायचा तसला चिडचिडा नव्हे, पोटातून, गरम. बोटसुद्धा बुडवायचं नाही म्हणायचीस. आमचे हात पुसायचीस. दादाला औषध पाजलंस. मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडतेय, तोंडानं नाही पण आतून, अखंड. माझी आई असल्या पाण्याला हात लावणारी नव्हती म्हणून... आणि तू दरसाल तिथे. काय करत होतीस? पाया पडत होतीस? मग वर का नाही आलीस, सगळ्यांबरोबर, उजेडात? पाय सुजायचे म्हणून? रात्री खाटेच्या कडेला बसून तू पोटऱ्या दाबायचीस ते पाहिलंय मी. पण मग सांगायचं की, पाय दुखतात, पाण्यात सोडून बसते जरा. कोण नको म्हणणार होतं? की रडायला जायचीस? की आमच्यापासून सुटून नुसती उभी राहायला?

एकदा, खूप लहान असताना, मी वर जायला नाही म्हणाले होते. ऊन होतं, मला तुझ्याजवळ कट्ट्यावर बसायचं होतं. तू माझ्या फ्रॉकची नाडी बांधलीस, खांदे धरून मला पायऱ्यांकडे वळवलंस, बुटांचे जोड वळवायचीस तसंच, आणि म्हणालीस, "जा, बाबांचा हात धर." मला तेव्हा वाटलं होतं, मी देवीला भेटावं असं हिला फार वाटतं. आज कळतंय. तुला माझ्यापासून मोकळं व्हायचं होतं. वर्षातून तेवढंच.

मावशी 'मनानं यायची' म्हणाली. मावशीला ठाऊक होतं का? की मावशीचंही तसंच, आपल्याला हवी तशी बहीण? आणि आपलं तरी...

ती उठली. जोड सरळ होते, तोंडं बाहेर. "जरा बघाल?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिला ऐकू आलं की वाक्य कुणाचं आहे.

"जा, जा," स्टँडवाला मान वर न करता म्हणाला. "मला काय नवीन नाही."

घाट जिथे तुटला होता तिथे पायऱ्यांचे दगड सुटून कसेही पडले होते. गर्दी पलीकडे, घंटा, हाका, नाव वल्हवणाऱ्याचं ओरडणं, सगळं जरा दुरून. इथे पाणी मातकट होतं, कडेला फुलं कुजत होती, एक प्लॅस्टिकची पिशवी दगडाला अडकून श्वास घेतल्यासारखी फुगत होती, बसत होती. आई इथे? या घाणीत? ती उभं राहायची जागा शोधू लागली. आईनं कुठली निवडली असती? निसरडी नको, धरायला काहीतरी हवं, पर्स भिजायला नको. एक सपाट दगड होता, अर्धा पाण्यात, बाजूला खुंटा. हाच असेल. नसेलही. इतकं अंदाजानं ठरवणं तिला कामात कधी चाललं नसतं. लेखकाला तिनं तीनदा विचारलं असतं, आधार काय?

बोटसुद्धा नाही, असं डोक्यात स्पष्ट ऐकू आलं, आणि तिनं दोन्ही पाय पाण्यात टाकले.

काही झालं नाही. पाणी वर गार होतं आणि खाली त्याहून गार. सलवारीचा काठ क्षणात ओला होऊन घोट्याला चिकटला. खरवडलेल्या टाचेला झोंबलं, मग झोंबायचं कमी झालं. ती वाट बघत होती — कशाची ते तिला सांगता आलं नसतं — पण नदी कुणाला काही सांगायच्या बेतात नव्हती. ती आपली चालली होती, पायांना वळसा घालून, जशी दगडाला घालत होती. तिला पुन्हा चीड आली. एवढं करून काहीच नाही. हात जोडावेत तर ते खोटं. न जोडता उभं राहावं तर तेही कुणाला तरी दाखवल्यासारखं. तिनं खुंटा धरला. खुंट्याचा माथा गुळगुळीत होता. हजार लोकांनी धरला असेल. त्यांत एक हात... नको. तिनं तो विचार अर्ध्यावरच सोडला. खोडला नाही, नुसता सोडला, आणि तो पाण्याबरोबर थोडा पुढे गेला.

देवळात घंटा वाजली. साडी पोचली असेल. टोचरी, जांभळी. देवीनं काय ते बघून घ्यावं.

मग वरून बाबांचा आवाज आला. तो आवाज ती कुठेही ओळखेल; चढउतारानं धाप लागलेला, सगळ्यांना एकदम विचारणारा.

"अरे, चपलांजवळ कोण आहे?"

"येते" तोंडाशी आलं. आलं आणि तिथेच राहिलं. बाबांची हाक आईलाही इथे ऐकू येत असणार. दरवर्षी. आईही ती ऐकून लगेच वळत नसेल, अजून थोडं उभी राहत असेल. बाबा कट्ट्यापर्यंत पोचायला वेळ लावतात, नाड्यांना तर फारच. तेवढा वेळ होता. जोड तयार होते. कुणाचं काही अडत नव्हतं.

ती आणखी जरा उभी राहिली. गाडीत आज मधल्या जागेवर कोण बसेल, ओला काठ कुणाच्या पोटरीला लागेल, हे मनात आलं. दादा विचारणारच, पंतोजी, कुठे गायब झाला होतात? आणि उत्तर तिच्याकडे तयार होतं, वाक्य पूर्ण, एक शब्दही कमीजास्त न करता. नळावर पाय धुतले. धूळ फार.